तांदळे गुरुजींचा एक जून

आमच्या शाळेचं जनरल रजिस्टर उघडून बघितलं तर वाटेल, या वाडीतल्या बायका वर्षातून एकाच दिवशी बाळंत होतात. एक जून. पान उलटा, पुन्हा एक जून. तारखा संशयास्पद असल्या तरी अक्षर असं देखणं, की तपासणीला आलेले साहेब आधी अक्षराचं कौतुक करायचे आणि मग तारखांबद्दल विचारायचं विसरून जायचे. ते अक्षर उत्तरेश्वर तांदळे गुरुजींचं. केजपासून जीपनं अर्ध्या तासावरच्या या दोनशिक्षकी शाळेत मी त्यांच्याबरोबर चौदा वर्षं काढली, आणि त्यातली निदान दहा वर्षं या एक जूनवरून त्यांच्याशी भांडण्यात घालवली.

मी माया मस्के. शाळेत मला सगळे मॅडम म्हणतात. माझी स्वतःची जन्मतारीख खरी आहे, कारण मी अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात जन्मले. त्यात माझं कर्तृत्व काही नाही, पण खरी तारीख असलेल्या माणसाला थोडा माज असतोच. तो मला होता.

गुरुजींची बाजूही सांगते. दिवाळी झाली की वाडीतली तीनातली दोन घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात, ती पाडव्याच्या आगेमागे परततात. कितीतरी लेकरं तिकडंच जन्मतात, कारखान्याच्या आसपास उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. टोळी आज एका गावच्या शिवारात, पंधरा दिवसांनी दुसऱ्या. नोंद कुठं करायची आणि कुणी? मग पाचसहा वर्षांनी ते लेकरू बोटाला धरून आई शाळेत येते आणि गुरुजी लिहितात एक जून. एक जूनला सहा वर्षं पूर्ण दिसली की पहिलीत नाव घालायला कुणाची हरकत उरत नाही.

"मॅडम, तारीख काय खायाची हाय का?" ते म्हणायचे. "नाव पटावर आलं की लेकरू माझं. मग मी बघतो त्याला कोन कोपीवर नेतंय."

आणि ते खरंच बघायचे. हा माणूस अंगानं काडी, पण मजूर न्यायला आलेल्या ट्रॅक्टरसमोर उभा राहायचा. पटावर नाव असलेल्या मुलांना गावातच ठेवता यावं म्हणून शाळेत हंगामी वसतिगृह चालतं. आईबाप सहा महिने उसाच्या फडात आणि लेकरं इथं आजी-चुलतीकडं, दोन वेळचं जेवण शाळेत. एखाद्या बापानं लेकरू तरीही ट्रॉलीत बसवलं तर गुरुजी ते हातानं उचलून खाली घ्यायचे. शिव्या खायचे. एकदा एका मुकादमानं त्यांना ढकललं, तर उठून शर्ट झाडून पुन्हा ट्रॉलीला हात घातला. दुसऱ्या दिवशी कोपराला पट्टी बांधून पाढे घेत होते. अशा माणसाशी तारखेवरून किती भांडणार?

त्यांचा स्वतःचा जन्मही कागदावर एक जूनचाच होता. त्यांच्या गुरुजींनी घातलेला.

मनिषा केकानचं नाव घातलं ते माझ्यासमोर. २०१४ चा जून. तिची आई मंगल कडेवर एक तान्हं आणि बोटाला ही असं घेऊन दारात उभी होती. आत यायचं का नाही, हेच ठरत नव्हतं. वय काढायची जुनी रीत म्हणजे लेकरानं डोक्यावरून हात नेऊन पलीकडच्या कानाला लावायचा. लागला तर पोर सहाची. मनिषाची बोटं कानाच्या दोन बोटं वरच थांबली.

"ही धड पाचाचीसुद्धा नाही," मी म्हटलं.

"पटावर न्हाई आली तर दिवाळीनंतर ह्या तान्ह्याला सांभाळायला कोपीवर जाईल," गुरुजी म्हणाले. मंगलनं मान खाली घातली, म्हणजे ते खरं होतं. गुरुजींनी मनिषाच्या डोक्याला हात लावून मान जराशी वाकवली. बोटं कानाला टेकली. "हे बघा, पोचतंय."

एक जून २००८. निळी शाई, देखणं अक्षर. मंगलला कुणी काहीच विचारलं नाही. मीही नाही.

फुटबॉल आमच्या शाळेत आला तो ती चौथीत असताना. सरकारनं शाळाशाळांतून चेंडू वाटले, आमच्या वाट्याला तीन आले. गुरुजींना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिले आठ दिवस मुलं तो हातानंच खेळत होती, एखादा कबड्डीसारखा दमही धरायचा. मग गुरुजींनी केजहून नियमांचं पुस्तक आणलं, रात्रीत पाठ केलं आणि सकाळी शिट्टी घेऊन ज्वारीच्या धसकटात उभे राहिले. अनवाणी पोरांना धसकटं टोचायची. मनिषा तेवढी अशी पळायची की पाय खाली टेकतोय का नाही असं वाटावं. तिची चूक एकच, चेंडू कुणाला द्यायची नाही. गुरुजी शिट्टी फुंकफुंकून थकायचे. "अगं बाई, तो चेंडू हाय, भाकर न्हाई. दे की दुसऱ्याला!"

पुढं तालुका, जिल्हा, विभाग. सातवीत तिला सरकारी निवासी क्रीडाशाळेनं उचललं. तिथले प्रशिक्षक अभिमन्यू सर भला माणूस. तिचं भाकरीचं दुखणं त्यांनी घालवलं, आणि मधल्या फळीत खेळणारी, चेंडू नेमका दुसऱ्याच्या पायात घालणारी मुलगी म्हणून तिचं नाव व्हायला लागलं. वाडीत कुणाला मधली फळी म्हणजे काय हे सांगता आलं नसतं. पण पेपरातलं तिचं कात्रण पिठाच्या गिरणीत चिकटवलेलं होतं आणि दळण घेऊन जाणारी प्रत्येक बाई त्याच्यासमोर दोन मिनिटं उभी राहायची.

मागच्या ऑगस्टमध्ये अभिमन्यू सरांचा गुरुजींना फोन आला. गुरुजींनी स्पीकर लावला, कारण त्यांना एका कानानं कमी ऐकू येतं.

सर म्हणाले, "देशाच्या संघाच्या शिबिरात आहे मनिषा. आशियातल्या सतरा वर्षांखालच्या मुलींच्या स्पर्धेचा पात्रता गट ऑक्टोबरात आहे. गटात तीन देश, पहिला येईल तोच पुढं जाणार. आणि गुरुजी, ती खेळणार. नुसती जाणार नाही, पहिल्या अकरांत खेळणार."

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. त्यांचा चेहरा फुलला होता.

"फक्त एक अडचण आहे. एक जानेवारी २००९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीच चालतात. वय ठरवायला मनगटाचा एक्स-रे काढतात, त्यात ती बसते. पण जन्मदाखला नाही, आणि शाळेच्या दाखल्यावर एक जून २००८ आहे. आमच्याकडं तुमच्या बाजूच्या निम्म्या मुलींचा एक जूनच असतो, म्हणून विचारतो. खरी तारीख काय आहे? खरी निघाली तर तहसीलमधून उशिराची नोंद करून दाखला आणा. तीन आठवडे आहेत."

गुरुजींनी "बघतो" म्हटलं आणि फोन ठेवला. वर्गात पोरांनी कालवा मांडला होता, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"मॅडम, माझ्या हातानं घातलेली तारीख तिला आडवी आली," ते शेवटी म्हणाले.

मी चौदा वर्षं ज्या वाक्याची वाट बघत होते ते हेच होतं. पण ते ऐकून मला काडीचाही आनंद झाला नाही. बोट कानाला पोचत नव्हतं तेव्हा मीही तिथंच उभी होते.

शाळा सुटल्यावर आम्ही दोघं मंगलकडं गेलो. ती सोयाबीनच्या खुरपणीवर होती, बांधावर येऊन बसली. हातात खुरपं तसंच. मनिषाचा बाप सोमेश्वर केजला मजुरीला गेलेला होता.

गुरुजींनी घसा खाकरला. चाळीस वर्षांच्या बाईसमोर ते असे बसले होते जसं एखादं पोर न केलेला अभ्यास घेऊन बसतं. खरं तर मंगल चाळीसचीही नसेल, पण उसानं ती तशी दिसते.

"मंगल, मनिषा कोणत्या दिवशी झाली?"

तिनं आधी गुरुजींकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिला वाटलं काहीतरी भानगड आहे. मग मी सगळं समजावून सांगितलं, स्पर्धेचं, तारखेचं. ती ऐकत होती आणि खुरप्यानं बांधाची माती टोकरत होती.

"येळवशीला झाली की," ती म्हणाली. एका दमात. जणू काल घडलेलं. "लगीन झाल्यावर दुसरा हंगाम. कर्नाटकात हुतो. येळवस म्हनून मुकादमानं दुपारून सुट्टी दिलती. सकाळी मोळ्या बांधताना पोटात कळ आली, कडूबाई मावशी म्हनली चल कोपीवर. बायांनी आंबील करायला घेतली हुती, उंडे उकडत हुते. मला वास यायचा आन् खावं वाटायचं, पर कडूबाई खाऊ देईना. बाराचा कारखान्याचा भोंगा झाला आन् ही झाली. भोंगा मोठा का ही मोठी, कळना. मग कडूबाईनं पोरीच्या व्हटाला आंबिलीचं बोट लावलं. म्हनली, येळवशीची हाय, उपाशी न्हाई ऱ्हायची."

ती थांबली. एवढं बोलल्याचं तिचं तिलाच नवल वाटलं असावं.

"तुला वेळसुद्धा माहीत आहे," मी म्हटलं.

"माझ्या पोटची हाय, मला म्हाईत नसंल व्हय?"

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"कुनी इचारलंच न्हाई," मंगल म्हणाली. रागानं नव्हे, साधं सांगितलं तिनं. गुरुजींनी मान खाली घातली. बाया तारखा विसरलेल्या असतात, असं हा माणूस चौदा वर्षं मला सांगत आला होता.

आता येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. आमच्या भागात त्या दिवशी सगळं गाव शेतात जेवतं. इंग्रजी तारीख मात्र दरसाल पुढंमागं सरकते. परवाच्या वर्षी ती अकरा जानेवारीला आली होती, गेल्या वर्षी तीस डिसेंबरला. मंगलचं लग्न २००७ च्या उन्हाळ्यातलं, म्हणजे तिचा दुसरा हंगाम २००८-०९ चा. त्या हंगामात येळवस जानेवारीत आली असेल तर सगळं जमलं. डिसेंबरात आली असेल तर संपलं. परतताना गुरुजी माझ्यापुढं जवळजवळ पळत होते. "जानेवारीच असनार मॅडम," ते म्हणत होते. "त्या साली थंडी लई उशिरापर्यंत हुती, मला याद हाय."

जुनं पंचांग शोधायची गरज पडली नाही. येळवशीची शाळेला स्थानिक सुट्टी असते, आणि हजेरीपटावर सुट्टी लाल शाईनं लिहायची गुरुजींची पद्धत. त्यांनी कपाटातून २००८-०९ चा हजेरीपट काढला, फुंकर मारून धूळ उडवली आणि आधी जानेवारीचं पान उघडलं. जानेवारीत संक्रांत होती, प्रजासत्ताक दिन होता. येळवस नव्हती. मग त्यांनी एक पान मागं घेतलं.

शनिवार, २७ डिसेंबर २००८. येळवस. लाल शाई, तेच अक्षर.

पाच दिवस. ती पोर पाच दिवस आधी जन्मली होती. मी मनात म्हटलं, म्हणजे गुरुजींनी एक जून घातला नसता तरी ती बसलीच नसती. हे त्यांना सांगितलं तर त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरेल असं मला वाटलं, आणि मी ते मोठ्यानं बोललेही. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सरपंच अर्जुनराव शाळेत आले. त्यांना कुणीतरी सांगितलं होतंच. वाडीत गोष्ट लपत नाही. मंगलही मागोमाग आली. अर्जुनराव खुर्चीत बसले आणि एका वाक्यात त्यांनी निकाल लावला.

"येळवस कशाला? संक्रांत लिवा. आठरा दिसाचा तर फरक. माय शपथेवर सांगंल, तुमी साक्ष द्या. तुमच्याच हातची तारीख हाय, तुमीच म्हना चुकली. तुमचं कोन खोटं समजतंय?"

यात एक गंमत होती, ती त्या क्षणीही माझ्या लक्षात आली. गुरुजींच्या सहीला तालुक्यात खरोखरच वजन होतं. हजेरीपट दाखवायची गरज नव्हती. कर्नाटकातल्या त्या कोपीत त्या दिवशी काय शिजत होतं हे विचारायला कुणी येणार नव्हतं. एक सही, आणि पोर परदेशात जाऊन खेळणार होती.

"लिहा गुरुजी," मी म्हटलं. होय, मीच म्हटलं. खरी तारीख असल्याचा माज बाळगणाऱ्या बाईनं म्हटलं. "एक खोटी तारीख तिच्या भल्यासाठी लिहिलीत, आता दुसरी लिहा. पहिलीपेक्षा ही खऱ्याच्या जवळची आहे."

मंगलनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "माझ्या लेकीचं भलं व्हत असंल तर मी संक्रांत म्हनते. माझं काय जातंय?"

गुरुजी टेबलावरच्या हजेरीपटाकडं बघत होते.

"मंगल, जन्मात पयल्यांदा तुला कुनी इचारलं," ते म्हणाले. "तू सांगितलंस बी. आता पयल्याच दिवशी ते फिरवायचं? मग इचारलं कशाला?"

"माझ्या सांगन्याची मोठी पडलीय तुमाला!" मंगल एकदम उसळली. "माझ्या पोरीची पडू द्या की! ती तिकडं उरी फुटूस्तोर पळतीय. पाच दिसासाठी? तुमी आमच्या पोरांच्या तारखा वाटंल तशा लिवल्या, तवा तुमाला खरंखोटं दिसलं न्हाई. आता माझ्याच पोरीच्या टायमाला दिसलं?"

गुरुजींनी हजेरीपट मिटला. अर्जुनराव "इचार करा गुरुजी, गावाच्या इज्जतीचा सवाल हाय," म्हणत उठून गेले. मंगल त्यांच्या मागं गेली. जाताना तिनं वळून बघितलं नाही.

गुरुजी म्हणाले, आपण मनिषालाच विचारू. पोरगी मोठी आहे, तिचं आयुष्य आहे. मधल्या सुट्टीत त्यांनी फोन लावला. शिबिरात तिची जेवणाची वेळ होती, मागं ताटांचा आवाज येत होता. गुरुजींनी सगळं सांगितलं. येळवस, भोंगा, कडूबाई, आंबिलीचं बोट, २७ डिसेंबर. मग संक्रांतीचं सांगितलं. मग म्हणाले, "तू सांगशील तसं करतो, बाळा."

पलीकडचा ताटांचा आवाज लांब गेला, ती उठून बाहेर आली असावी.

"मला हे कुनी कधी सांगितलंच न्हाई," ती म्हणाली. आवाज भरून आला होता. मग तो एकदम कडक झाला. "गुरुजी, पयल्यांदा लिवताना मला इचारलं न्हाई. मायला इचारलं न्हाई. आता कावून इचारताव? मी संक्रांत म्हनले तर खोटं माझ्यावर, येळवस म्हनले तर माझं मीच सोडलं. तुमी लिवलंय, तुमीच निस्तरा."

आणि तिनं फोन ठेवला. सोळा वर्षांची पोर, पण एवढं नेमकं त्या दोन दिवसांत कुणीच बोललं नव्हतं.

गुरुजी उरलेला दिवस पहिलीच्या वर्गात बसले. शिकवलं नाही, नुसते बसले. पोरं त्यांच्या टेबलाभोवती आपापलं खेळत होती.

सोमवारी ते रजा टाकून केजला गेले. मी बरोबर गेले, कारण त्यांना एकटं सोडवेना. तहसीलच्या आवारात एका लिंबाखाली बसून त्यांनी स्वतःच्या हातानं जबाब लिहिला. मी वाचला. "मी, उत्तरेश्वर तांदळे, सहशिक्षक, असे लिहून देतो की कु. मनिषा सोमेश्वर केकान हिची जन्मतारीख मी तिच्या आईस न विचारता माझ्या मनाने लिहिली. ती चूक आहे. तिच्या आईच्या सांगण्यावरून व शाळेच्या हजेरीपटावरून तिची खरी जन्मतारीख २७ डिसेंबर २००८ ही आहे." खाली सही.

"हे देऊन तिचा काय फायदा?" मी विचारलं. मला राग आला होता. "काहीच दिलं नाही तरी ती बाहेरच आहे. तुम्हाला मात्र नोटीस येईल. निवृत्तीला दहा महिने उरलेत."

"मॅडम, खेळापुरतीच खरी तारीख लागती का मानसाला?" ते म्हणाले आणि आत गेले.

आत जाताना त्यांचा तोल जरा गेला, त्यांनी दाराच्या चौकटीला धरलं. इतकी वर्षं मी त्यांना ट्रॅक्टरसमोर बघितलं होतं, मुकादमासमोर बघितलं होतं. तेव्हा कधी ते मला म्हातारे वाटले नव्हते. त्या दिवशी वाटले, आणि मला रडू आलं.

संघाची यादी सप्टेंबरात आली. तेवीस नावं होती. मनिषाचं नव्हतं. नोटीसही आली, गुरुजींनी तिला उत्तर दिलं, त्याचं पुढं काय व्हायचं ते होईल.

वाडी त्यांच्याशी बोलेनाशी झाली. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं बोलणं बंद. गिरणीत गेले तर बाया पदर सावरून बाजूला व्हायच्या. ज्या माणसानं या गावातली चाळीस-पन्नास पोरं ट्रॉलीतून उतरवून घेतली, त्याला पारावर कुणी "बसा" म्हणेना. मलाही टोमणे बसले. मी उलटून बोलायची, ते बोलायचे नाहीत.

ऑक्टोबरात गटातले सामने झाले. दोन्ही आम्ही शाळेच्या ओट्यावर माझ्या मोबाइलवर बघितले, भिंतीला टेकवून. परदेशातलं हिरवंगार मैदान, पोरींच्या तोंडातून थंडीची वाफ निघत होती. मधल्या फळीत दुसरीच एक मुलगी खेळत होती. चांगली खेळत होती, खोटं कशाला बोलू? आपला संघ गटात पहिला आला. पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या तेव्हा गुरुजींनी टाळ्या वाजवल्या. दोनतीन वेळा वाजवल्या आणि मग हात मांडीवर ठेवून दिले.

त्याच संध्याकाळी मनिषाचा फोन आला, माझ्या मोबाइलवर. "मॅडम, बघितली का मॅच? शेवटच्या दहा मिनिटांत मी असते तर चेंडू डावीकडं काढला असता." मग जरा थांबून म्हणाली, "गुरुजी हायत का तिथं? त्यांना सांगू नका मी फोन केलता." मी सांगितलं नाही. ते शेजारीच बसले होते, त्यांचा ऐकू येणारा कान माझ्याकडं होता.

दिवाळी झाली. भाऊबीजेनंतर ट्रॅक्टर यायला लागले. शाळेला सुट्टी होती, पण वसतिगृहात राहणाऱ्या मुलांची यादी करायची म्हणून आम्ही दोघं शाळा उघडून बसलो होतो. दुपारी मंगल आली. सकाळी तहसीलमधून मिळालेला मनिषाचा जन्मदाखला तिच्या हातात होता, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. दोन महिन्यांत ती पहिल्यांदा गुरुजींसमोर येत होती. डोक्यावर पदर, प्रवासाला निघाल्यासारखी साडी आवळून नेसलेली. ट्रॅक्टर पारापाशी उभा होता.

मला वाटलं, भांडायला आली. ती खाली जमिनीवर बसली.

"गुरुजी, माझ्या बाकीच्या दोघांचं बी लिवून घ्या," ती म्हणाली. "दोघांतला थोरला केजला सहावीत हाय, त्याचं बी तुमी एक जूनच लिवलंय. तो पोळ्याच्या दुसऱ्या दिशी झाला, इथं घरात, कोंबडा आरवायच्या टायमाला. धाकटी पंचमीच्या आदल्या दिशी, दिवस मावळताना."

गुरुजींनी वही काढली आणि लिहून घेतलं. साल विचारलं, पुन्हा वाचून दाखवलं. मंगल मान हलवत होती. लिहून झालं तरी ती उठली नाही. बाहेर ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला, सोमेश्वरनं हाक मारली. ती तशीच बसून राहिली, दाखल्याची पिशवी दोन्ही हातांत धरून.

"आन् मनिषाच्या पाठीवर एक हुती," ती म्हणाली. "बावीस दिस ऱ्हायली. तिकडंच. तिचं कुटंच काय न्हाई, नाव बी घातलं न्हवतं. तिची बी तारीख लिवून घ्या."

शाळेच्या रजिस्टरात अशा लेकराला जागा नसते. ते सांगायचं काम माझ्यावर येणार असं मला वाटलं. गुरुजींनी माझ्याकडं बघितलं नाही. त्यांनी वहीचं नवीन पान काढलं, त्यावर वरती 'कु.' लिहून पुढं जागा मोकळी सोडली, आणि पेन हातात धरून विचारलं,

"कोणत्या दिवशी झाली, मंगल?"